रोटरी ओव्हनचा डिझेल बर्नर सेट करून घेतला, उद्यमनगरातल्या मिस्त्रीकाकांकडून

ज्यांच्याकडं बेकरीत, लाँड्रीत नाहीतर पावडर कोटिंगच्या ओव्हनला डिझेलचा बर्नर आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. लांबलंय, पण वाचा. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आम्ही चांगलं डिझेल चिमणीतनं वर सोडलं, पैसे गेले, माल बिघडला, आणि एका रात्री माणसाच्या जिवावर बेतलं होतं, ते सगळं एका दिवसाच्या नीट कामात सुटलं, म्हणून सांगावंसं वाटतंय.

आमची बेकरी कोल्हापुरात, कसबा बावड्यात. सासऱ्यांनी लाकडाच्या भट्टीवर सुरू केलेली, आठ वर्षांपूर्वी आम्ही रोटरी घेतली, ट्रॉली आत ढकलायची आणि ती आतल्या आत फिरते ती. स्लाइस ब्रेड, खारी, टोस्ट, नानकटाई असा माल. जास्त खप ब्रेडचाच, कारण इथं मिसळीबरोबर पाव नाही, ब्रेड लागतो, आणि मिसळवाल्याला सकाळी सातच्या आत ब्रेड दारात पाहिजे म्हणजे पाहिजेच. ब्रेड गरम असताना कापता येत नाही, पूर्ण गार व्हावा लागतो, म्हणून आमचा बर्नर रात्री एकला पेटतो आणि सकाळी अकराला बंद होतो. या दहा तासांत तो रुसला तर त्या दिवशीची सगळी गिऱ्हाइकं हातातनं गेली समजा.

दिवाळीच्या आधी धूर सुरू झाला. पेटताना चिमणीतनं काळा लोट, शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके, त्यावरनं भांडण. सीझनची गडबड, आम्ही जो मिळाला त्या मेकॅनिकला बोलावलं. तो आला, नोझल म्हणजे डिझेल फवारायची तोटी बदलली, बाजूला हवा कमीजास्त करायची झडप असते, डँपर, तो भसकन उघडला, काळा धूर गेला, पंधरा मिनिटांत पैसे घेऊन गडी गेला. आम्हीपण खूश. पण आठवड्याभरात डोळे चुरचुरायला लागले, पेटताना पांढरट धूर आणि कच्च्या डिझेलचा वास, जी ब्रेडची ट्रॉली अठ्ठावीस मिनिटांत व्हायची तिला चौतीस पस्तीस मिनिटं लागायला लागली तरी वरनं रंग येईना, आणि डिझेल दिवसाला एकोणचाळीस चाळीस लिटर लागायचं ते त्रेचाळीस चव्वेचाळीसवर गेलं. मी खातं लिहिते म्हणून मला कळलं. घरातल्यांचं म्हणणं, थंडी आहे, लागणारच जास्त. मलापण पटलं होतं तेव्हा.

मग जानेवारीतली ती रात्र. एक वाजता बर्नर पेटेना. फॅन फिरतोय, टकटक ठिणगीचा आवाज येतोय, मग लाल दिवा लागून बंद. भट्टीवरच्या पोरानं रीसेट दाबलं, परत तसंच, परत दाबलं, असं पाच सहा वेळा. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं की रीसेट दाबायचं म्हणजे काय होतं, मलापण माहीत नव्हतं. दर वेळी फॅन हवा मारतो, मग नोझलमधनं डिझेल फवारलं जातं, ज्योत दिसली नाही की काही सेकंदांत मशीन स्वतःहून बंद होतं, पण तेवढ्यात गेलेलं डिझेल आतल्या चेंबरमध्ये साचून राहतं. सहाव्यांदा ठिणगी लागली आणि साचलेलं सगळं एकदम पेटलं. मी घरात होते, मागच्या बाजूला, भिंत हादरली. धावत गेले तर चिमणीचा जॉइंट निखळलेला, खोलीभर काजळी उडालेली, आणि पोरगा दाराजवळ उभा, तोंड काळं, पापण्यांचे केस करपलेले, पण धड होता. अंबाबाईची कृपा, दुसरं काय म्हणणार. तो बर्नरच्या समोर वाकून बघत होता म्हणे आधीच्या मिनिटाला.

उद्यमनगरातल्या या काकांचा नंबर आम्हाला एका कास्टिंगवाल्या पाहुण्यांनी दिला. त्यांच्या ॲल्युमिनियम वितळवायच्या भट्टीचा बर्नर हेच बघतात. सकाळी आठला फोन केला, सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य असं, “वहिनी, मेन स्विच काढा, डिझेलचा कॉक बंद करा आणि मी येईपर्यंत रीसेटला कुणाचं बोट लागता कामा नये.” एवढं बरोबर सांगितलं पण आले दोन दिवसांनी. ते दोन दिवस आम्ही उचगावच्या एका ओळखीच्या बेकरीत मध्यरात्री टेंपोनं कच्चा माल नेऊन भाजून आणला. फोनवर नक्की वेळ सांगत नाहीत, “येतोय की” एवढंच. हा एक त्रास आहे त्यांच्याकडं, पुढं आणखी लिहिते.

आले तेव्हा सोबत एक पोरगा आणि दोन पेट्या. एका पेटीत पाने, ब्रश, नोझलचे डबे. दुसऱ्या पेटीत मोजायची यंत्रं. मला वाटलं आल्या आल्या बर्नर खोलतील, तर नाही. आधी बॅटरी मारून चेंबरमध्ये बघितलं, खाली साचलेलं डिझेल फडक्यांनी टिपून काढलं, पाच सात मिनिटं नुसता फॅन चालवून आत हवा मारली, निखळलेला जॉइंट बसवला, आणि मग जसा आहे तसाच बर्नर पेटवून माप घेतलं. मी म्हटलं बिघडलेल्याचं कशाला मोजताय. तर म्हणाले, “डॉक्टर औषध द्यायच्या आधी ताप बघतोच की ओ. आधीचं माप नसलं तर मी काय सुधारलं हे तुम्हाला कसं कळणार?” हे मला लई आवडलं. आजपर्यंत आलेल्या एकानंही काही मोजलं नव्हतं, सगळे ज्योतीकडं बघायचे, चिमणीकडं बघायचे, आणि मान डोलवायचे.

मोजायची पद्धत सांगते, कारण कुणालाही बोलावलंत तरी हे बघून घ्या. चिमणीला ओव्हनच्या जवळ एक बोटभर भोक पाडतात. त्यातनं एक नळी आत घालतात, ती यंत्राला जोडलेली, त्यावर धुरातला ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड आणि धुराचं तापमान येतं. आणि दुसरं असतं सायकलच्या पंपासारखं, त्याच्या तोंडात पांढऱ्या फिल्टर पेपरची पट्टी अडकवायची, भोकात धरायचं आणि सावकाश दहा वेळा ओढायचं. धूर त्या कागदातनं जातो आणि कागदावर आठ आण्याएवढा गोल ठिपका उमटतो. मग तो एका कार्डाशी जुळवायचा, कार्डावर शून्य ते नऊ अशा रंगाच्या छटा असतात, शून्य म्हणजे कोरा पांढरा, नऊ म्हणजे गच्च काळा. आमचा पहिला ठिपका सहा सातच्या मधला, आणि कडेला पिवळसर तेलकट झाक. काकांनी तो पिवळा रंग नखानं दाखवला. काळं दिसतंय ती काजळी, पिवळं दिसतंय ते न जळलेलं डिझेल, म्हणजे थेंबाचे थेंब न जळताच वर चाललेत.

यंत्रावर ऑक्सिजन नऊ टक्के आणि धुराचं तापमान ३४५ अंश. इथं मला वाटलं हवा जास्त आहे म्हणजे चांगलंच की, जाळ चांगला लागेल. तसं नसतं. डिझेल जळायला वजनाच्या साधारण साडेचौदा पट हवा लागते, थोडी जास्तीची द्यावीच लागते कारण हवा आणि तेल अगदी शंभर टक्के मिसळत नाही, पण ऑक्सिजन नऊ टक्के उरतोय म्हणजे गरजेपेक्षा सत्तर पंच्याहत्तर टक्के हवा फुकट आत घेतोय, ती तापवतोय, आणि गरम करून चिमणीतनं बाहेर सोडतोय. वर ज्योत गार पडते ती वेगळीच. त्या आधीच्या मेकॅनिकनं काळा धूर दिसू नये म्हणून डँपर उघडला होता, धूर का होतोय हे बघितलंच नव्हतं.

धूर का होत होता ते बर्नर खोलल्यावर दिसलं. नोझल. नोझल म्हणजे करंगळीच्या पेराएवढी पितळी वस्तू, टोकाला सुईच्या अग्राएवढं भोक, त्यातनं डिझेल धुक्यासारखं बाहेर पडायला पाहिजे. त्याच्या अंगावर आकडे कोरलेले असतात. आमच्या ओव्हनच्या पाटीवर लिहिलंय १.२५ आणि ६० अंश, आणि डिझेलच्या पंपाचं प्रेशर १२ बार. बसवलेलं होतं १.५० आणि ८० अंश. तो पहिला आकडा म्हणजे ७ बार प्रेशरला तासाला किती अमेरिकन गॅलन तेल जाणार, आणि दुसरा म्हणजे फवारा किती रुंद पसरणार. ८० अंशाचा फवारा रुंद, आमच्या बर्नरचं तोंड अरुंद, त्यामुळं डिझेल आजूबाजूच्या कड्यावर आपटून तिथं कोळसा जमलेला, अक्षरशः दगडासारखा, पेचकस मारून काढावा लागला.

मग काकांनी पंपाला गेज लावला. १२ पाहिजे तिथं ८. आधी मला वाटलं पंप गेला. तर नाही, प्रेशरचा स्क्रू मुद्दाम सैल केलेला. नोझल मोठं बसवलं, तेल जास्त जायला लागलं, ते कमी करायला प्रेशर उतरवलं. काकांनी कागदावर गणित करून दाखवलं, १.५० चं नोझल ८ बारला तासाला साधारण सहा लिटर सोडतं, आणि १.२५ चं १२ बारला पण सव्वासहाच्या आसपास. तेल दोन्हीकडं जवळजवळ तेवढंच! मग फरक काय, तर थेंबाचा. प्रेशर कमी म्हणजे फवारा जाड, थेंब मोठे. मोठा थेंब पूर्ण जळायच्या आधीच चेंबर ओलांडून पुढं जातो, बाहेरनं करपतो, आत कच्चा राहतो. भरभर भाजलेल्या नानकटाईसारखं, वरनं लाल आणि आत पीठ. हे मला लगेच कळलं.

त्यात ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रोडची टोकं काजळीनं भरलेली आणि एकमेकांपासनं पाच सहा मिलिमीटरवर गेलेली, ती साधारण साडेतीनवर आणून, नोझलच्या पुढं किती आणि वर किती ते कंपनीच्या पुस्तकातल्या चित्राप्रमाणं पट्टीनं मोजून लावली. चिनी मातीच्या नळीला बारीक तडा होता म्हणून एक बदलली, त्या तड्यातनं ठिणगी भलतीकडंच उडी मारत होती, पेटत नव्हतं ते त्यामुळं. ज्योत बघणारा फोटोसेल पुसला मऊ कापडानं. नवीन नोझल बसवताना टोकाला हात लावला नाही, षटकोनी भागाला धरून बसवलं, आणि जुनं तारेनं साफ करून परत वापरू का असं मी विचारलं तर सरळ नाही म्हणाले, तारेनं भोक ओरबाडलं की फवारा वाकडा होतो.

त्याच्याआधी अर्धा दिवस नुसती साफसफाई आणि तेलाची बाजू. आमच्याकडं पावसाळ्याच्या तोंडावर दोन बॅरल डिझेल भरून ठेवायची सवय आहे. २०१९ ला आणि २०२१ ला महापुरात हायवे बंद पडला आणि डिझेल मिळेना झालं तेव्हापासनं, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकलं की सासरे आधी बॅरल बघतात. ते बरोबरच आहे, पण त्या साठवलेल्या बॅरलात दमट हवेनं पाणी धरतं आणि ते तळाला बसतं, हे डोक्यात नव्हतं. टाकीचा खालचा कॉक सोडल्यावर आधी जवळजवळ दोन तांबे गढूळ पाणी आणि गाळ आला, मग डिझेल. फिल्टरची जाळी चॉकलेटी चिकट झालेली. फिल्टर बदलला, पंपाच्या आतली छोटी जाळी धुतली, मग पंपाची हवा काढली, बारीक नळी बाटलीत सोडून, आधी फेसाळ तेल आलं, मग फेस गेला आणि एकसारखी धार लागली तेव्हा नट आवळला.

ओव्हनच्या मागच्या पाइपांमध्ये ब्रश घातला तर दीड पाटी काजळी निघाली. काजळी म्हणजे उष्णतेला रजईच, जाळ आत आहे पण आच ब्रेडपर्यंत पोचत नाही आणि चिमणीतनं निघून जाते, म्हणून ब्रेडला रंग येत नव्हता. काकांचा हिशोब असा की धुराचं तापमान २२ अंशांनी वाढलं की साधारण एक टक्का इंधन वाया जातं. आमचं ३४५ होतं.

मग सेटिंग. बर्नर पेटवला आणि पंधरा मिनिटं काहीच केलं नाही, चहा घेतला. गार ओव्हनला घेतलेलं माप खोटं असतं म्हणाले, सगळं तापून स्थिर झाल्यावरच मोजायचं. मग हवेचा डँपर थोडा थोडा बंद करत गेले. उघडायचं सोडून बंद! मी बघतच राहिले. ऑक्सिजन २ च्या खाली आला तेव्हा कागदावर राखाडी ठिपका उमटला, तीन नंबरचा. मग केसभर उघडला, ऑक्सिजन अडीचच्या थोडा वर, ठिपका एकदम पुसट, असून नसल्यासारखा. “ही कड,” म्हणाले. धूर जिथं नुकताच सुरू होतो ती कड आधी शोधायची आणि मग तिथनं मुद्दाम थोडं मागं यायचं. मग आणखी हवा देऊन ऑक्सिजन साडेचारवर आणला, पंप दहा वेळा ओढला, कागद काढला, आणि कागद कोरा. मी उजेडात नेऊन उलटा सुलटा करून बघितला, पंपाच्या तोंडाचा नुसता गोल वळ होता, रंग काही नाही. कार्बन मोनॉक्साइड ३० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखात तीस भागांच्या आत. धुराचं तापमान २८५.

कडेवरच का ठेवलं नाही, आणखी डिझेल वाचलं असतं, हे पण मी विचारलं. त्यावर जे सांगितलं ते ऐका. जानेवारीत रात्री कोल्हापुरात हवा पंधरा अंशांची, दाट. एप्रिलमध्ये दुपारी तीच हवा चाळीसच्या आसपास, विरळ. फॅन हवा मारतो ती मापानं, वजनानं नाही, म्हणजे फॅन तेवढाच फिरला तरी उन्हाळ्यात आठ नऊ टक्के हवा कमी जाते. थंडीत कडेवर सेट केलं तर उन्हाळ्यात धूर ठरलेला. तसंच आपण समुद्रापासनं साडेपाचशे मीटर वर आहोत, हवा आधीच पाच सहा टक्के विरळ, म्हणून कंपनीच्या पुस्तकात डँपरचा जो आकडा दिलाय तो इथं जसाच्या तसा चालत नाही, इथं मोजूनच लावायचा. हे ऐकून मला पटलं की या माणसाला काम नुसतं हातानं नाही, डोक्यानं पण येतं.

ज्योतीचा रंगपण दाखवला काचेतनं. आधीची ज्योत आखूड, पांढरट, फुरफुरणारी, आणि मध्येच ठिणग्या. आताची पिवळी, केशरीकडं झुकलेली, कडा स्वच्छ, टोकाला काळी शेपटी नाही, कुठं आपटत नाही. पण काकांनी लगेच सांगितलं, रंग बघून फक्त बिघडलंय एवढं ओळखायचं, सेटिंग रंगावर करायचं नाही.

आपल्याकडं भारी कायतरी झालं की म्हणतात जाळ आणि धूर संगटच. मिसळीला, कुस्तीला ठीक आहे. बर्नरला जाळ पाहिजे आणि धूर अजिबात नको.

दोन गोष्टी त्यांनी आम्ही न सांगता केल्या, त्यासाठी खास धन्यवाद. एक म्हणजे यंत्राची नळी चिमणीत ठेवून ओव्हनचा आतला फिरता पंखा चालू बंद करून बघितला. पंखा चालू झाल्यावर धुरातला ऑक्सिजन एकदम बदलला तर आतल्या पत्र्याला कुठंतरी चीर आहे आणि धूर ब्रेडच्या बाजूला जातोय असं समजायचं. आमचा आकडा हलला नाही, पत्रा चांगला आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि आमची पोरं रात्रभर त्या खोलीत असतात, त्यामुळं हा आकडा न हलणं मला डिझेलच्या बचतीपेक्षा मोठं वाटलं.

दुसरी म्हणजे बर्नरच्या खोलीची खिडकी. थंडी वाजते म्हणून पोरांनी तिला मैद्याची रिकामी पोती लावली होती. काकांनी पोती काढायला लावली. आमचा बर्नर तासाला ऐंशीएक घनमीटर हवा खातो, खोली दहा बाय दहा, उंची नऊ फूट, म्हणजे सगळ्या खोलीतली हवा तासाला तीनदा संपते, ती येणार कुठनं? खिडकीला आता जाळी बसवलीय, पोती लावायची नाहीत असं वर खडूनं लिहिलंय.

शेवटी भट्टीवरच्या पोराला समोर उभं करून पेटवायला लावलं. त्याचे हात कापत होते, त्या रात्रीनंतर तो बर्नरजवळ जायला तयार नव्हता. काकांनी त्याला ओरडा केला नाही. सांगितलं, आधी डिझेलचा कॉक उघडा आहे का बघ, नाहीतर पंप कोरडा फिरून जळतो. मग स्विच दे, फॅनचा आवाज ऐक, मनात मोज, मग ठिणगी, मग जाळ. तू कडेला उभा राहा, समोर कधीच नाही. लाल दिवा लागला तर दोन मिनिटं थांबून एकदा रीसेट, बास. दुसऱ्यांदा लागला तर कॉक बंद आणि मालकिणीला उठव, रात्रीचे दोन वाजलेले असू देत. मग स्वतः फोटोसेल बाहेर काढून, मुठीत झाकून, स्टार्ट दिला आणि डिझेलचा फवारा सुरू झाल्यावर घड्याळ लावलं, ज्योत दिसत नाही असं समजून मशीन दहा सेकंदांच्या आत बंद पडलं. “बघ, मशीन तुला वाचवतंय, तू फक्त त्याच्याशी जबरदस्ती करू नको.” पोरानं मग तीनदा स्वतः पेटवलं.

आता पैशाचं. एकूण ४,८०० झाले, त्यात ३,००० साफसफाई आणि सेटिंगचे, बाकी नोझल, इलेक्ट्रोड, फिल्टर, गॅस्केट. महाग वाटलं होतं, घरात चर्चापण झाली, आधीच्यानं नोझलसकट दीड हजारांत केलं होतं ना म्हणून. आज महिना होऊन गेला, खात्यावर डिझेल दिवसाला साडेएकोणचाळीस लिटरच्या आसपास आहे, म्हणजे साडेतीन चार लिटर वाचतात, पंधरा दिवसांत पैसे वसूल झाले. ट्रॉली परत अठ्ठावीस मिनिटांवर आलीय. ब्रेडचा रंग बघून एका मिसळवाल्यानं विचारलं, मैदा बदलला काय.

तक्रारी पण लिहिते, कौतुक करायचं म्हणून झाकायच्या नाहीत. एक म्हणजे वेळ. ज्याचा ओव्हन बंद आहे त्याचे दोन दिवस म्हणजे काय असतं हे त्यांना कळायला पाहिजे, सकाळी येतो की संध्याकाळी एवढं तरी ठरवून सांगावं. दुसरं, दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत, मेसेज बघत नाहीत. तिसरं, बिल मागितल्यावर साध्या चिठ्ठीवर लिहून दिलं, पक्कं बिल तीन फोन केल्यावर आठ दिवसांनी आलं, जीएसटीवाल्यांनी आधीच सांगून ठेवा. आणि यंत्राचा छापील कागद निघतो त्याची शाई महिन्याभरात पुसट होते, म्हणून लगेच झेरॉक्स काढून ठेवा किंवा फोटो काढा, हे त्यांनी सांगायला पाहिजे होतं, मला उशिरा कळलं, पहिल्या मापाचे आकडे आता जेमतेम दिसतात.

तरीपण मी पाचपैकी साडेचार देते. अर्धा फक्त वेळेसाठी कापला. कामात एक पैशाची चलाखी नाही. पंप बदला म्हणाले असते तर मी बदलला असता, मला काय कळतंय त्यातलं, पण पंप चांगला आहे, स्क्रूच सैल आहे हे त्यांनी स्वतः सांगितलं.

दुसऱ्या कुणाला बोलावणार असाल तर आधी फोनवरच विचारा की धूर मोजायचा पंप आणि ऑक्सिजनचं यंत्र आहे का, प्रेशरचा गेज आहे का. नाही म्हणाला तर बोलावू नका. आणि नोझल बदललं तर जुनं आणि नवीन दोन्हीवरचे आकडे स्वतः वाचा, ओव्हनच्या पाटीशी जुळवा, मोबाइलवर फोटो मोठा करून वाचता येतात. मी हे ऑक्टोबरात केलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

ते चार ठिपके मी डिझेलच्या खात्यात चिकटवून ठेवलेत, एका पानावर ओळीनं, खाली तारीख आणि ऑक्सिजनचा आकडा. पहिला काळा पिवळा, दुसरा राखाडी, तिसरा पुसट, चौथा कोरा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उन्हाळ्याचं माप घ्यायला काकांना बोलावलंय, त्या पानावर पाचव्याची जागा सोडलीय. कुणाला बावड्यात येऊन बर्नर बघायचा असेल तर सकाळी नऊनंतर या, ब्रेडची गडबड संपलेली असते.